पाहणे, दिसणे आणि असणे : सेझानचा डोंगर आणि प्रतिभासमीमांसा

१

पदव्युत्तर वर्गात 'फिनॉमिनॉलॉजी' ही संकल्पना शिकवण्याची वेळ आली, की मराठीच्या अध्यापकापुढे पहिली अडचण उभी राहते ती शब्दाची. 'प्रतिभासमीमांसा' हा शब्द हाताशी आहे आणि प्रस्तुत लेखातही तोच वापरला आहे. परंतु फळ्यावर हा शब्द लिहिताच वर्गातील एखादा जाणता विद्यार्थी त्याला वेदान्ताकडे घेऊन जातो, आणि त्यात त्याची चूक नसते. पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक या सत्तेच्या तीन पायऱ्यांपैकी सर्वांत खालची पायरी प्रतिभासाची. दोरीवर दिसलेला साप हा प्रतिभास. दिवा आणला की तो नाहीसा होतो. मग प्रतिभासाची मीमांसा म्हणजे भासाची, म्हणजेच जे खरे नाही त्याची मीमांसा, असा अर्थ सहजच बांधला जातो. चित्राचा प्रश्न आला की ही अडचण दुणावते. जग हाच जर भास, तर चित्र हे भासाचे चित्र. त्यातून 'सत्' प्रकट होते असे म्हणणे हा वदतोव्याघातच ठरावयाचा. प्लेटोने 'रिपब्लिक'च्या दहाव्या भागात चित्रकाराला सत्यापासून दूर ठेवले तेही अशाच हिशेबाने.

हायडेगरने 'सत् आणि काल' (१९२७) या ग्रंथाच्या सातव्या परिच्छेदात नेमकी हीच गुंतागुंत सोडवण्याचा यत्न केला आहे. जे स्वत:हून स्वत:ला दाखवते ते एक. जे आहे त्याहून वेगळे भासते ते दुसरे. आणि जे स्वत: न दिसता दुसऱ्या कशाच्या तरी द्वारा आपली सूचना देते ते तिसरे. तिसऱ्याचे त्याने दिलेले उदाहरण आजाराच्या लक्षणांचे आहे : गालावरची लाली दिसते, ताप दिसत नाही. या तिहींत पहिला अर्थ मूलभूत आहे, कारण काहीतरी दाखवण्याची शक्यता असल्याखेरीज चुकीचे दाखवण्याचीही शक्यता उरत नाही. प्रतिभासमीमांसेचा विषय हा पहिला अर्थ होय. तिच्या दृष्टीने दिसणे हा असण्यावरचा पडदा नसतो. असणे ज्या वाटेने आपल्यापर्यंत येते ती ती वाट असते.

या भेदासाठी मराठीत एक साधे क्रियापद आहे, आणि पारिभाषिक शब्द घडवताना आपण त्याच्याकडे पाहिले नाही असे मला वाटते. ते म्हणजे 'दिसणे'. 'मी डोंगर पाहतो' या वाक्यात क्रियापद माझ्याबरोबर चालते. बोलणारी स्त्री असेल तर ते 'पाहते' असे होते. 'मला डोंगर दिसतो' या वाक्यात मात्र बोलणारी स्त्री असो वा पुरुष, क्रियापद डोंगराचेच राहते. मी तेथे आहे, पण चतुर्थीत. ज्याला काही मिळाले आहे अशा स्थितीत. शिवाय 'तो आजारी दिसतो' असेही आपण म्हणतो आणि 'येथून समुद्र दिसतो' असेही. म्हणजे भासणे आणि दृष्टीस पडणे हे दोन्ही अर्थ एकाच क्रियापदाने पेलले आहेत. अर्थात व्याकरणातून तत्त्वज्ञान सिद्ध होत नाही. 'मी डोंगर पाहिला' असे म्हणताच 'पाहणे'सुद्धा डोंगराच्या लिंगवचनाप्रमाणे चालू लागते, त्यामुळे या पुराव्यावर फार भार टाकता येणार नाही. परंतु 'प्रतिभास' या शब्दाने जी वाट बंद होते ती 'दिसणे' या क्रियापदाने निदान किलकिली होते, एवढे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

प्रस्तुत लेखाचा विषय 'आधुनिक चित्र सत् प्रकट करते' हे विधान आहे. चित्रकलेवरील लेखनात आणि आता साहित्यसमीक्षेतही हे विधान इतक्या सैलपणे वापरले जाते, की ते कोणत्याही चित्राविषयी करता येते. माझे म्हणणे असे की, हे विधान खरे असू शकते, परंतु ते उसने घेता येत नाही. चित्रातील दिसणे कसे घडते याच्यापाशी जो समीक्षक टिकून राहतो त्यालाच ते करण्याचा अधिकार पोहोचतो. या दृष्टीने हायडेगर आणि मोरिस मेर्लो-पाँती या दोघांची दोन चित्रवाचने शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरेल.

२

प्रतिभासमीमांसेचा चित्राशी संबंध प्रारंभापासूनचा आहे. एडमुंड हुसेर्लने १९०७ मध्ये कवी होफमान्स्थालला लिहिलेल्या पत्रात कलावंताची दृष्टी आणि आपली पद्धती यांतील साम्य दाखवले होते : दोघेही वस्तूच्या अस्तित्वाविषयीचा नित्याचा निर्णय बाजूस ठेवून तिच्या दिसण्याकडे वळतात. १९१३ च्या 'कल्पना' या ग्रंथात त्याने ड्यूररच्या 'वीर, मृत्यू आणि सैतान' या ताम्रपट-मुद्राचित्राचे विश्लेषण केले. हाती धरलेला छापील कागद ही एक वस्तू. त्यावरील काळ्या रेषांतून उमटणाऱ्या लहानशा रंगहीन आकृती ही दुसरी पातळी. आणि त्या आकृतींमधून आपण ज्याच्याकडे रोख धरतो तो रक्तमांसाचा घोडेस्वार ही तिसरी. मधल्या पातळीवरील आकृती 'आहे' असेही म्हणता येत नाही आणि 'नाही' असेही. तिच्यापुरता हा प्रश्नच स्थगित होतो. हे विश्लेषण अचूक आहे. पण ते चित्र पाहणाऱ्या जाणिवेचे आहे. चित्र स्वत: काय करते, हा प्रश्न त्यात उभा राहात नाही.

तो उभा केला हायडेगरने. 'कलाकृतीचा उगम' हे व्याख्यान त्याने प्रथम नोव्हेंबर १९३५ मध्ये फ्रायबुर्गला दिले, १९३६ मध्ये फ्रँकफुर्टला ते तीन व्याख्यानांत विस्तारले, आणि १९५० मध्ये ते ग्रंथात आले. त्यातील व्हॅन गॉगच्या जोड्यांचा उतारा प्रसिद्ध आहे. वापराची वस्तू म्हणजे काय हे समजावून देण्यासाठी हायडेगर शेतकऱ्याच्या जोड्यांचे उदाहरण घेतो आणि डोळ्यांपुढे काही असावे एवढ्याचसाठी, केवळ सोय म्हणून, चित्राचा आधार घेतो. पुढच्या परिच्छेदांत मात्र त्या जोड्यांच्या झिजल्या तोंडातून एका शेतकरी स्त्रीचे अवघे जग उलगडू लागते : तिची पावले, नांगरट, ओल, भाकरीची चिंता, जन्म आणि मरण. मग निष्कर्ष येतो की, हे आपल्याला चित्राने सांगितले. जोडे खरोखर काय आहेत ते चित्रात उघड झाले. आणि सत्य म्हणजे असे अनावरण. ग्रीक 'अलेथेइआ' या शब्दाचा तो हाच अर्थ लावतो. हे सारे आपणच चित्रावर लादले असे समजणे ही घोर आत्मवंचना ठरेल, असेही तो आधीच बजावून ठेवतो.

परंतु चित्रात काय आहे? हायडेगर स्वत:च नोंदवतो की, जोड्यांभोवती काहीच नाही, त्यांना शेतातल्या मातीचे ढेकूळसुद्धा चिकटलेले नाही. आणि तरीही त्याला माती ऐकू येते. कलेतिहासकार मायर शापिरो याने १९६५ मध्ये हायडेगरला पत्र पाठवून हे चित्र नेमके कोणते अशी विचारणा केली, तेव्हा १९३० च्या मार्चमध्ये अॅम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात पाहिलेले, असे उत्तर आले. त्यावरून शापिरोने ते १८८६ चे चित्र ठरवले. व्हॅन गॉग त्या वर्षी पॅरिसमध्ये होता. शापिरोच्या मते हे जोडे कोणा शेतकरी स्त्रीचे नसून एका शहरवासी माणसाचे, खुद्द चित्रकाराचे होते. हायडेगरने चित्रात स्वत:ची माती आणि स्वत:चा शेतकरी पाहिला. १९३३ मध्ये विद्यापीठाचा कुलगुरू म्हणून नाझी राजवटीच्या सेवेत उभ्या राहिलेल्या तत्त्वज्ञाच्या तोंडी १९३५ मध्ये भूमी आणि शेतकरी हे शब्द काय सुचवत होते, हे त्या वेळच्या श्रोत्यांना सांगावे लागत नव्हते. २०१४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या त्याच्या 'काळ्या वह्यां'नंतर तर हे प्रश्न टाळताच येत नाहीत.

शापिरोचा हा लेख १९६८ मध्ये कुर्ट गोल्डस्टाइन या मेंदूविकारतज्ज्ञाच्या स्मृतिग्रंथात प्रसिद्ध झाला. हायडेगरच्या व्याख्यानाकडे शापिरोचे लक्ष वेधले होते तेही गोल्डस्टाइननेच. ज्यू असलेल्या गोल्डस्टाइनला १९३३ मध्ये अटक झाली, जर्मनी सोडावी लागली आणि काही काळ अॅम्स्टरडॅमला आश्रय घेऊन तो अमेरिकेत गेला. ज्याची भूमी हिरावली गेली त्याच्या स्मरणार्थ एका कलेतिहासकाराने एका जोडीची मालकी तपासावी, यात केवळ पांडित्याचा हट्ट नव्हता. योगायोग असा की, मेर्लो-पाँतीच्या 'संवेदनाची प्रतिभासमीमांसा' (१९४५) या ग्रंथातील देहविषयक विवेचन ज्या रुग्णाच्या अभ्यासावर पुष्कळसे उभे आहे, तो श्नायडरही गोल्डस्टाइन आणि गेल्ब यांचाच रुग्ण होता. आपल्या विषयातील दोन्ही प्रवाह अशा रीतीने एका निर्वासित वैद्याला स्पर्श करून जातात.

जाक देरिदाने १९७८ मध्ये या वादावर दीर्घ भाष्य करताना एक मार्मिक मुद्दा मांडला : हायडेगर आणि शापिरो हे दोघेही ते जोडे कोणाच्या तरी पायांत घालण्याची घाई करतात. ही जोडीच आहे कशावरून, असाही प्रश्न त्याने विचारला. मुद्दा मान्य केला तरी आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. हायडेगरच्या उताऱ्यातून चित्र काढून घ्या आणि त्या जागी खरेखुरे झिजलेले जोडे, एखादे छायाचित्र किंवा एखाद्या कादंबरीतील वर्णन ठेवा. उताऱ्यातील एकही वाक्य बदलावे लागत नाही. रंग कसा लावला आहे, पार्श्वभूमीचा पिवळट पट्टा जोड्यांच्या आकाराला कसा भिडतो, याविषयी त्यात अवाक्षर नाही. ज्या विधानातून चित्र वगळले तरी विधान तसेच उभे राहते, ते विधान त्या चित्राने प्रकट केलेले असू शकत नाही. ही कसोटी साधी आहे, पण ती लावून पाहण्यासारखी आहे.

हायडेगरवर अन्याय होऊ नये म्हणून येथेच एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याचा सिद्धांत त्याच्या उदाहरणापेक्षा मोठा आहे. त्याच व्याख्यानात पुढे ग्रीक मंदिराच्या विवेचनात तो म्हणतो की, अवजारात द्रव्य उपयोगात विरून जाते, कलाकृतीत ते पुढे येते : दगड दगडपणाने उभा राहतो, रंग रंगपणाने झळकतो. कलाकृती एक जग उघडते आणि त्याच वेळी जे उघडण्यास नकार देते अशा 'भूमी'वर त्याला टेकवते. उघडणे आणि झाकून राहणे यांचा हा ताण चित्राला विलक्षण लागू पडतो. खेद एवढाच की, चित्रासमोर उभा असताना हायडेगरला रंगाची ही भूमी दिसली नाही, शेताची दिसली.

३

मेर्लो-पाँतीचा 'सेझानची शंका' हा निबंध १९४५ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाला, आणि 'नेत्र आणि मन' हा त्याने १९६० च्या उन्हाळ्यात एक्सजवळच्या ल थोलोने या गावी, म्हणजे सेझानच्याच मुलखात राहून लिहिला. तो १९६१ च्या जानेवारीत छापून आला आणि ३ मे १९६१ रोजी मेर्लो-पाँतीचे निधन झाले. हयातीत प्रसिद्ध झालेले त्याचे हे अखेरचे महत्त्वाचे लेखन. दोन निबंधांमध्ये पंधरा वर्षांचे अंतर आहे, परंतु त्यांतला चित्रकार एकच आहे.

पहिला निबंध सुरू होतो तो श्रमांपासून. एका स्थिरचित्रासाठी शंभर बैठका, एका व्यक्तिचित्रासाठी दीडशे. उतारवयात सेझानला शंका येई की, आपल्या चित्रांतले नावीन्य डोळ्यांच्या एखाद्या विकारातून तर आले नसेल? आपले सारे काम देहाच्या एका अपघातावर तर उभे नसेल? बालमित्र झोलाने आणि तरुण चित्रकार एमिल बेर्नारने त्याच्या स्वभावात अपयशाचे कारण शोधले. मेर्लो-पाँती चित्रांकडे वळतो. सेझानच्या स्थिरचित्रात टेबलावरील बशी बाजूने पाहिली तर लंबवर्तुळाकार दिसावयास हवी. ती दोन्ही टोकांशी फुगते. गुस्ताव्ह जेफ्रुआच्या व्यक्तिचित्रात (१८९५) टेबल यथार्थदर्शनाचे नियम मोडून खालच्या अंगाला पसरते. श्रीमती सेझानच्या चित्रात भिंतीवरील पट्टी देहाच्या दोन बाजूंना एका सरळ रेषेत येत नाही. हे दोष नव्हेत. यथार्थदर्शन एका स्थिर, एकाक्ष द्रष्ट्याचे जग दाखवते. आपण मात्र दोन हलत्या डोळ्यांनी, वळणाऱ्या मानेने पाहतो. पट्टीवर कागदाचा रुंद तुकडा आडवा ठेवला की खरोखरच तिची दोन टोके जुळत नाहीशी वाटतात. सेझानच्या चित्रात हे विपर्यास सुटे सुटे पाहिले तर खटकतात, समग्र चित्र पाहिले की ते खटकेनासे होतात, आणि वस्तू आपल्या डोळ्यांदेखत आकार घेत आहे असा प्रत्यय येतो.

बाह्यरेषेची गोष्ट अशीच. सफरचंदाभोवती एकच ठाम रेषा काढली तर ते नकाशासारखे सपाट होते; रेषाच टाळली तर त्याचे वस्तुपण हरवते. दृक्प्रत्ययवादी चित्रकारांनी दुसरा मार्ग घेतला. त्यांच्या प्रकाशात वस्तू विरघळली. सेझान सफरचंदाच्या कडेशी दोनतीन निळ्या रेषा काढतो आणि कड त्यांच्यामध्ये कोठेतरी राहू देतो. ती नेमकी कोणती, हे पाहणाऱ्याची दृष्टी एका रेषेवरून दुसरीवर जाताना ठरवत राहते. सफरचंदाचे गोलपण हे असे पलीकडे जात राहणे आहे. जे या क्षणी दिसत नाही तेही त्याच्या दिसण्यात सामील आहे. प्रत्यक्ष पाहतानाही वस्तूची मागची बाजू दिसत नसते, तरीही आपण अर्धे सफरचंद पाहात नाही.

आता सेंत व्हिक्त्वार डोंगराची उत्तरकालीन चित्रे घ्यावीत. सुमारे एक हजार मीटर उंचीचा हा चुनखडकाचा डोंगर सेझानने तैलरंगांत आणि जलरंगांत मिळून ऐंशीच्या आसपास वेळा रंगवला. १९०२ पासून १९०६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो ल लोव्हच्या टेकडीवरून त्याच्याकडे पाहात होता. फिलाडेल्फियाच्या संग्रहालयातील चित्रात (१९०२-०४) खालचे मैदान हिरव्या, गेरव्या, जांभळट रंगांच्या उभ्या-आडव्या फटकाऱ्यांनी भरलेले आहे. यांतला कोणता फटकारा झाड आणि कोणता घर, हे जवळून सांगता येत नाही. आकाशात झाडांचाच हिरवा रंग पुन्हा येतो. डोंगर निळ्या-करड्या पट्ट्यांतून वर चढतो. जवळ काय आणि दूर काय हे रेषांनी सांगितलेले नाही. या काळातील काही चित्रांत तर फटकाऱ्यांमध्ये कॅनव्हास तसाच उघडा राहिलेला आहे आणि उघडा राहूनही तो प्रकाशासारखा वागतो. मागे सरकून पाहिले की डोंगर येतो. तो चित्रकाराने आधी आखला आणि मग रंगवला असे वाटत नाही. एकेक फटकारा दुसऱ्याला उत्तर देत गेला आणि त्या संवादातून डोंगर दिसू लागला असे वाटते. येथे 'मी डोंगर पाहतो' हे वाक्य अपुरे पडते. 'मला डोंगर दिसतो' हेच वाक्य लागू पडते.

'नेत्र आणि मन' या निबंधात मेर्लो-पाँती या अनुभवाची सत्ताशास्त्रीय बाजू मांडतो. त्याचा प्रतिपक्ष आहे देकार्तचे 'दृष्टिशास्त्र' (१६३७). देकार्तला दृष्टी स्पर्शासारखी वाटते : आंधळा काठीने जग चाचपतो तसे प्रकाशकिरण आपल्या डोळ्याला टेकतात आणि उरलेले काम मन करते. चित्रांतील उदाहरण त्याने निवडले तेही मुद्राचित्राचे. थोडी शाई कागदावर पसरली की मनाला वस्तूचे अनुमान करता येते. त्याने रंगाचा गंभीरपणे विचार केला असता, तर अनुमानाचा हा हिशेब जुळला नसता, कारण रंग कशाचेही चिन्ह होऊन संपून जात नाही. मेर्लो-पाँती एका जलतरण तलावाचे उदाहरण देतो. पाण्यातून तळाच्या फरश्या दिसतात, त्या पाणी आणि त्यावरचे कवडसे यांच्या अडथळ्यावर मात करून नव्हे, तर त्यांच्याच योगे. पाणी आणि प्रकाशाची थरथर काढून टाकली तर त्या फरश्या जशा आहेत तशा दिसणार नाहीत. आपल्या प्रारंभीच्या अडचणीला याहून नेमके उत्तर मिळणे कठीण. दोरीवरचा साप दिव्याने जातो. तळाच्या फरशीवरची थरथर दिव्याने जात नाही. ती भास नाही. त्या फरशीचे येथे, या पाण्याखाली, या दुपारी असणे ती आहे.

पाहणारा देह स्वत:ही दृश्य आहे. उजव्या हाताने डाव्या हाताला स्पर्श करताना कोणता हात स्पर्श करणारा आणि कोणता स्पर्शिला जाणारा हे उलटसुलट होते. पाहणारा आणि पाहिले जाणारे अशा एकाच द्रव्याने घडलेले आहेत, आणि त्या द्रव्यासाठी मेर्लो-पाँतीने 'मांस' असा अनपेक्षित शब्द योजला. झाडेच आपल्याकडे पाहात आहेत असे चित्रकारांना का वाटते, याचा उलगडा तो येथे करतो. यात गूढवाद नाही. देह घेऊन जगात वावरणाऱ्याचे पाहणे कोठूनतरी, कशाच्यातरी मधून असते, एवढेच त्याला सांगावयाचे आहे. आणि मघाची कसोटी लावली तर काय होते? या विवेचनातून सेझान काढून टाका : बाह्यरेषांचा, रंगफटकाऱ्यांचा, उघड्या कॅनव्हासचा मुद्दा कोसळतो. येथे विचार चित्रावाचून उभा राहू शकत नाही.

४

तथापि मेर्लो-पाँतीचे प्रतिपादनही निर्दोष नाही. सेझान जणू संस्कृतीच्या आधीचे, आदिम दर्शन परत मिळवतो, असा त्याच्या पहिल्या निबंधाचा सूर आहे. वास्तविक सेझानची दृष्टी अशी अनघड नव्हती. लूव्रमध्ये बसून त्याने जुन्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या, पिसारोच्या शेजारी बसून निसर्गचित्रण शिकले होते, पूसाँ त्याच्यापुढे सतत होता. डोंगराचे हे दिसणे त्याला चित्रांनीच शिकवले होते. १९५२ च्या 'अप्रत्यक्ष भाषा' या निबंधात मेर्लो-पाँतीने शैली आणि परंपरा यांना स्थान देऊन ही उणीव पुष्कळशी भरून काढली. तरीही ल्योतारने १९७१ मध्ये घेतलेला आक्षेप उरतोच. ज्या दर्शनात देह आणि जग एकमेकांना इतके अनुकूल आहेत, त्यात विसंवादाला, हिंसेला, वासनेच्या उत्पाताला जागा कोठे? सेझानच्याच आरंभीच्या अंधाऱ्या, हिंस्र विषयांच्या चित्रांविषयी या मीमांसेजवळ सांगण्यासारखे फारसे नाही.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. जेथे डोंगरच नाही, सफरचंदही नाही, तेथे दिसणार काय? मिशेल आंरी याने १९८८ मध्ये कांडिन्स्कीवर लिहिलेल्या ग्रंथात याचे टोकाचे उत्तर दिले : चित्रकलेचा खरा विषय दृश्य जग नव्हेच, रंग आणि रेषा आपल्या आंतरिक, अदृश्य जीवनाच्या स्पंदनांशी थेट निगडित आहेत, आणि अमूर्त चित्राने हे सत्य सर्वच चित्रांविषयी उघड केले. हे उत्तर आकर्षक असले तरी त्यात दिसण्याला पुन्हा दुय्यम स्थान मिळते. चित्र हे आतल्या कशाचे तरी लक्षण ठरते, आणि आपण लाली-तापाच्या उदाहरणाकडे परततो.

या ठिकाणी आपल्याला जवळच्या एका चित्रकाराचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. वासुदेव गायतोंडे (१९२४-२००१) मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून १९४८ मध्ये पदविका घेऊन बाहेर पडले, आणि आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हणण्यापेक्षा वस्तुनिरपेक्ष म्हणणे त्यांना अधिक योग्य वाटे. रोलर आणि पॅलेट नाइफ यांनी रंगाचे पातळ थर चढवावयाचे, काही उचलावयाचे, काही खरवडावयाचे, अशी त्यांची पद्धत. त्यांच्या प्रौढ चित्रासमोर उभे राहिले की प्रथम एका रंगाचा विस्तार तेवढा समोर असतो. काही वेळाने त्याच्या पोटातून दुसरा रंग वर येऊ लागतो, एखादी चिन्हासारखी आकृती पृष्ठभागाच्या जवळ येते आणि चिन्ह होण्यापूर्वीच थांबते. येथे 'पाहण्या'साठी वस्तू नाही, पण 'दिसणे' मात्र घडते, आणि ते तलावाच्या तळासारखे थरांमधून घडते. खाली काय आहे ते थर दूर करून कळत नाही. म्हणजे मेर्लो-पाँतीची मीमांसा येथे लागू पडते ती डोंगरापुरती नव्हे. ज्या घनतेतून डोंगर दिसतो त्या घनतेपुरती. हायडेगरची 'भूमी'ही येथे आपल्या जागी आली आहे असे वाटते, कारण या चित्रांत उघडणे आणि राखून ठेवणे एकाच पृष्ठभागावर चाललेले असते.

परंतु गायतोंडे यांच्यावरील लेखनात झेन, मौन, ध्यान, शून्य हे शब्द वारंवार भेटतात. त्यांना झेनविषयी आस्था होती हे खरे. म्हणून चित्रातील प्रत्येक रिकाम्या जागेला 'शून्य' म्हटले की काम संपले असे होत नाही. ज्या त्वरेने हायडेगरने जोड्यांत शेतकरी स्त्री पाहिली, त्याच त्वरेने आपण रंगाच्या थरात शून्य पाहतो. शब्द आपल्या परंपरेतले आहेत, एवढ्याने ते चित्रातले ठरत नाहीत.

५

साहित्याच्या अभ्यासकाने या प्रश्नात का पडावे, याचे उत्तर आता देता येईल. आपल्याकडे साठोत्तरी काळात अस्तित्ववादाची चर्चा झाली ती मुख्यत: काम्यू आणि सार्त्र यांच्या ललित लेखनाच्या अनुषंगाने. परात्मता, एकाकीपणा, विसंगती, मृत्युजाणीव हे आशयघटक आपण उचलले आणि कथा-कवितांत त्यांची मोजदाद करू लागलो. ज्या पद्धतीतून ते विचार आले होते ती पद्धती, म्हणजे अनुभव जसा येतो तसा, घाई न करता, सिद्धांताच्या आधी वर्णिण्याची शिस्त, मात्र मागे राहिली. मेर्लो-पाँतीचे नाव त्या चर्चांत क्वचितच येते. परिणामी 'या कवितेतून अस्तित्वाचे दर्शन घडते' हे वाक्य आपल्या प्रबंधांत इतके रुळले आहे, की कविता बदलली तरी वाक्य बदलत नाही. असे वाक्य मी स्वत:ही माझ्या प्रबंधात लिहिले आहे, आणि परीक्षकांनी ते खोडले नाही.

शब्दकलेचे माध्यम निराळे आहे, आणि रंगाबद्दल जे म्हटले ते शब्दाबद्दल जसेच्या तसे म्हणता येणार नाही, याची मला जाणीव आहे. शब्दाला कोशातला अर्थ आहे; तो चिन्ह होण्याचे पूर्णपणे टाळू शकत नाही. तरीही वाक्याची लांबी, विरामाची जागा, क्रियापदाची निवड यांतून कवितेत काहीतरी दिसू लागते, आणि समीक्षकाचे पहिले काम त्या दिसण्याची नोंद घेणे हेच आहे. प्रभाकर बरवे यांचे 'कोरा कॅनव्हास' (१९९०) हे पुस्तक मराठीत आहे. पान, घड्याळ, फळ अशा साध्या वस्तू आयुष्यभर रंगवणाऱ्या चित्रकाराने वस्तू आणि अवकाश यांच्याविषयी केलेला विचार त्यात आपल्याच भाषेत उपलब्ध आहे. दिसण्याविषयी मराठीत नेमकेपणाने बोलता येते याचा तो पुरावा आहे. परंतु साहित्याच्या वर्गात ते पुस्तक पोहोचल्याचे मी क्वचितच पाहिले आहे.

चित्र सत् प्रकट करते काय, या प्रश्नाला सर्वसाधारण उत्तर नाही, असेच मला अखेरीस म्हणावयाचे आहे. हे चित्र, या थरांतून, या कडेपाशी काय दिसू देते आणि काय राखून ठेवते, एवढेच सांगता येते; आणि ते नीट सांगितले तर 'सत्' हा शब्द वापरावा लागतोच असे नाही. सेझानने शंभर बैठका घेतल्या. आपण निदान दुसऱ्यांदा पाहिल्याखेरीज लिहू नये, एवढी अपेक्षा समीक्षकाकडून करणे अवाजवी ठरू नये.